इसबगोल कोण खातं?

ऑफिसात पाण्याच्या बाटलीशेजारी हल्ली एक नवा डबा दिसायला लागलाय. आधी तिथे प्रोटीन पावडर असायची, आता फायबर असतं. डब्यावर हिरवं पान, एक हसरं पोट, आणि 'तुमच्या पोटातल्या चांगल्या बॅक्टेरियांचं अन्न' अशा अर्थाचं एक वाक्य. डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं (हा माझा जुना छंद, लोकांना त्रास होतो त्याचा) तर एका डब्यात इसबगोलाचा भुसा असतो, दुसऱ्यात चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन, तिसऱ्यात अर्धवट तोडलेला ग्वार गम, म्हणजे आपल्या गवारीच्या बियांमधला डिंक. पुढचं वाक्य मात्र तिन्ही डब्यांवर तेच!

माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. फायबर खाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण या तीन पावडरी पोटात गेल्यावर तीन वेगवेगळी कामं करतात. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेला जो इसबगोल, तो इतका चांगला चालतो याचं कारणच मुळी हे आहे की बॅक्टेरिया त्याला फारसे खात नाहीत.

थोडं मागे जाऊ. फायबर म्हणजे काय? जे आपल्याला पचत नाही असं पिष्टमय कुटुंबातलं जे काही, ते सगळं फायबर. व्याख्याच नकारार्थी आहे. प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर 'मिसलेनियस' नावाचा एक फोल्डर असतो ना, ज्यात लग्नाचे फोटो, इन्कम टॅक्सचे कागद आणि एक कधीच न उघडलेलं ई-बुक एकत्र नांदत असतं, तसं. सेल्युलोज, पेक्टिन, इन्युलिन, न पचणारा स्टार्च, इसबगोलाचा चिकट पदार्थ, यांच्यात साम्य एवढंच की लहान आतड्यात ते आपल्याला तोडता येत नाहीत. आपल्या स्वतःच्या जनुकांमध्ये अन्नातली असली कर्बोदकं तोडणारी एन्झाइम्स जेमतेम दीड डझन आहेत. मोठ्या आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन या एकट्या जिवाणूकडे (नाव एका दमात म्हणून दाखवा!) अशी अडीचशेहून जास्त आहेत. हे काम आपण आउटसोर्स केलंय म्हणा ना.

हे आउटसोर्सिंगवाले किती? 'माणसाच्या पेशींच्या दहापट बॅक्टेरिया' असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. तो आकडा आता सोडून द्या. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१६ साली नीट हिशोब मांडला तेव्हा साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया निघाले, म्हणजे आपल्या पेशींच्या जवळपास बरोबरीने, आणि सगळ्यांचं मिळून वजन सुमारे २०० ग्रॅम. पण कामाच्या मानाने २०० ग्रॅम काही कमी नाही. आपल्याला न पचलेलं हे लोक आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी फॅटी ॲसिड्स बाहेर पडतात. यातलं ब्युटिरेट महत्त्वाचं, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे. सोबत गॅसही होतो, ते सांगायला नकोच.

इथपर्यंतची गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. घोटाळा यापुढे होतो.

फायबरचा बोलबाला सुरू झाला तो डेनिस बर्किट या आयरिश सर्जनमुळे. युगांडात बरीच वर्षं काम करून आलेल्या या माणसाने १९७०च्या दशकात सांगायला सुरुवात केली की तिथल्या खेड्यांतले लोक भरपूर चोथ्याचं अन्न खातात, त्यांचं पोट व्यवस्थित साफ होतं, आणि पाश्चात्त्य देशांतले आतड्याचे आजार त्यांच्यात क्वचितच दिसतात. त्याचं लक्ष बॅक्टेरियांपेक्षा चोथ्याच्या आकारमानावर आणि वेगावर होतं. पुढे पुरावा साचत गेला. 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या लोकांनी १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र करून पाहिले. जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं, हृदयविकाराचं, टाइप २ डायबेटिसचं, आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण कमी खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी होतं. दिवसाला २५ ते २९ ग्रॅमला फायदा चांगला दिसत होता.

पण हे फायबर जेवणातलं होतं. धान्य, डाळी, भाज्या, फळं यांच्यातलं. डबेवाले (म्हणजे फायबरचे डबेवाले, मुंबईचे नव्हेत :-) ) हा पुरावा उचलतात आणि पावडरीवर चिकटवतात. कोणी तुम्हाला म्हणालं की पुस्तकं वाचणारी माणसं शहाणी असतात, म्हणून आम्ही कागदाचा लगदा विकायला आणलाय, तर?

आता इसबगोल. हे नाव फारसीतून आलंय, 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखी दिसते म्हणून. उत्तर गुजरातेत उंझा-सिद्धपूरच्या पट्ट्यात आणि राजस्थानात याचं मोठं पीक येतं आणि तिथून जगभर जातं. अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानातल्या संत्र्याच्या स्वादाच्या डब्यातही आत तोच भुसा. पाण्यात टाकला की काही मिनिटांत गच्च जेली होते. ही जेली लहान आतड्यातून जाते, मोठ्या आतड्यात जाते, आणि तिथले बॅक्टेरिया तिला फारसं तोडू शकत नसल्यामुळे शेवटपर्यंत जवळजवळ जेलीच राहते. म्हणून तर मल मऊ राहतो. आणि गंमत म्हणजे जुलाब होत असतील तर तीच जेली जास्तीचं पाणी धरून ठेवते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उपयोग. वाटेत पित्तातली आम्लंही ती अडकवून बाहेर नेते, मग नवीन पित्त बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. अमेरिकेच्या एफडीएने १९९८ सालीच इसबगोलाला हृदयविकाराबाबतचा दावा लेबलवर लिहायची परवानगी दिली, त्यासाठी दिवसाला इसबगोलातून ७ ग्रॅम विद्राव्य फायबर मिळायला हवं अशी अट होती.

या सगळ्यात बॅक्टेरियांची भूमिका काय? तर बाजूला उभं राहून बघणं. बॅक्टेरियांनी हा जेल खाऊन टाकला असता तर पाणी कोणी धरलं असतं? अगदी काहीच फरक पडत नाही असंही नाही. २०१९च्या एका अभ्यासात निरोगी लोकांना आठवडाभर इसबगोल दिल्यावर त्यांच्या जिवाणूंमध्ये किरकोळ बदल दिसला, तर बद्धकोष्ठतेच्या रुग्णांमध्ये जास्त दिसला. तो बहुधा इसबगोल खाल्ल्यामुळे नव्हे, तर आतड्यात पाणी वाढल्यामुळे आणि वाहतूक सुरळीत झाल्यामुळे. घर साफ केलं, मग पाहुणे बदलले, असं काहीसं. पण म्हणून झाडूला पाहुण्यांचं जेवण म्हणायचं का?

इन्युलिनचं अगदी उलट. ही फ्रुक्टोजची साखळी. कांद्यात असते, लसणात असते, चिकोरीच्या मुळात भरपूर असते. (हो, फिल्टर कॉफीत मिसळतात तीच चिकोरी. पण भाजताना त्यातलं बरंच इन्युलिन तुटतं, त्यामुळे कॉफीला प्रीबायोटिक म्हणायचा उत्साह आवरा.) पाण्यात पूर्ण विरघळतं, जेली वगैरे काही नाही, चवीला किंचित गोड. बॅक्टेरिया यावर तुटून पडतात. यांच्यासाठीच गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी १९९५ साली 'प्रीबायोटिक' हा शब्द काढला. बिफिडोबॅक्टेरियम नावाचा गट इन्युलिनने वाढतो, हे इतक्या वेळा दिसलंय की त्यावर वाद नाही.

मग झालं ना काम? इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. डॅशबोर्डवरचा एक आकडा वर गेला म्हणून रिलीज यशस्वी झाला असं जाहीर करणारे मॅनेजर आपण सगळ्यांनी पाहिलेत. युजरला काय फरक पडला हे विचारायचं राहूनच जातं. २०१८ साली निरोगी प्रौढांवरचे ६४ प्रयोग, एकूण २०९९ माणसं, यांचं एकत्रित विश्लेषण झालं. फायबर दिल्यावर बिफिडोबॅक्टेरियम वाढले, लॅक्टोबॅसिलस वाढले, मलातलं ब्युटिरेटही वाढलं. पण जिवाणूंची विविधता, जिचं नाव घेऊन हे डबे विकले जातात, ती वाढली नाही. आणि त्याच वर्षी एफडीएने इन्युलिनला 'आहारातलं फायबर' म्हणून मान्यता दिली तेव्हा ग्राह्य धरलेला फायदा कोणता? तर कॅल्शियमचं शोषण सुधारतं, हा. बॅक्टेरिया वाढतात एवढ्यावर नियामकाचं समाधान होत नाही. ते आपलं मात्र डब्यावरच्या हसऱ्या पोटाकडे बघून होतं.

विविधता वाढत नाही यात खरं तर आश्चर्य काहीच नाही. एकाच प्रकारचं खाणं रोज ओतलं तर ते ज्यांना आवडतं तेच वाढणार. गावात फक्त वडापावच्याच गाड्या लावल्या तर खवय्यांची विविधता कशी वाढेल?

त्याहून मोठी भानगड म्हणजे माणसामाणसातला फरक. मिशिगन विद्यापीठात १७४ तरुण मुलामुलींना दोन आठवडे वेगवेगळ्या पावडरी दिल्या. बटाट्याच्या न पचणाऱ्या स्टार्चने सरासरी ब्युटिरेट वाढलं, मक्याच्या तसल्याच स्टार्चने नाही, इन्युलिननेही लक्षणीय नाही. हे २०१९चं. 'सरासरी' म्हणतानाही एकाच गटात कोणाचं वाढलं, कोणाचं जागचं हललं नाही, आणि ते ठरत होतं आधीपासून पोटात कोण राहतंय यावर. त्याआधी २०१५ साली स्वीडनमध्ये बार्लीचा पाव खाऊन ज्यांची साखर सुधारली त्यांच्यात प्रिव्होटेला हा जिवाणू जास्त आढळला होता. म्हणजे सॉफ्टवेअर तेच, पण समोरच्या मशीनवर काय इन्स्टॉल आहे त्यावर ते चालेल की नाही ते ठरणार. शेजारच्या डेस्कवरच्याला 'इतकं हलकं वाटलं ना' म्हणून तुम्हाला वाटेलच असं नाही.

आणि जे मुळात इन्स्टॉलच नाही त्याचं काय? स्टॅनफर्डच्या सोनेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २०१६ साली उंदरांना (त्यांच्या पोटात माणसाचे बॅक्टेरिया सोडून) पिढ्यानपिढ्या कमी फायबरवर ठेवलं. दर पिढीला काही जाती नाहीशा होत गेल्या. नंतर भरपूर फायबर दिलं तरी त्या परत आल्या नाहीत. परत आणायला ते बॅक्टेरियाच द्यावे लागले. माणसांवर असा प्रयोग कोणी करणार नाही, पण २०१८ साली मिनेसोटात स्थायिक झालेल्या हमाँग आणि कॅरेन समाजाच्या स्त्रियांचा अभ्यास झाला. थायलंडहून अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या पोटातली विविधता घसरायला लागली, वनस्पतींचे तंतू तोडणारी एन्झाइम्स कमी झाली, प्रिव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइड्सने घेतली. पुढच्या पिढीत घसरण आणखी खोल. माझे निम्मे वर्गमित्र बे एरियात आणि न्यू जर्सीत आहेत, त्यामुळे हा पेपर मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचला. भारतीयांवर काम कमी आहे, पण २०१९ साली भोपाळ आणि केरळमधल्या ११० जणांवरचा अभ्यास आला, त्यात भोपाळच्या, शाकाहार जास्त असलेल्या लोकांत प्रिव्होटेलाचं राज्य दिसलं. आणि वर सांगितलेले पावडरींचे प्रयोग बहुतेक अमेरिकन आणि युरोपीय पोटांवर झालेत. त्यांचे निष्कर्ष आपल्या पोटांवर जसेच्या तसे लावताना जरा दमानं घ्यावं हे बरं.

स्टॅनफर्डच्याच लोकांचा २०२१चा प्रयोग मला सगळ्यात रोचक वाटतो. ३६ निरोगी माणसं. अर्ध्यांनी जेवणातलं फायबर दिवसाला सुमारे २२ ग्रॅमवरून ४५ ग्रॅमवर नेलं. उरलेल्यांनी दही, केफिर, किमची, कोंबुचा असे आंबवलेले पदार्थ दिवसाला सहा वाढण्यांपर्यंत वाढवले. दहा आठवडे. विविधता वाढली ती आंबवलेलं खाणाऱ्यांची, आणि त्यांच्या रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. फायबरवाल्यांची विविधता होती तिथेच राहिली. म्हणजे पावडर सोडा, खऱ्या अन्नातल्या फायबरनेही दहा आठवड्यांत तो आकडा हलला नाही! आता यावरून 'बघा, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' अशी मेल कोणी फॉरवर्ड करण्याआधी एक सांगतो. इडली आणि ढोकळा आंबवलेले असतात खरे, पण वाफवल्यावर त्यातले बॅक्टेरिया जिवंत राहत नाहीत. ताजं ताक चालेल. आणि ३६ माणसं म्हणजे काही फार मोठा आकडा नाही, हे माझ्या आवडत्या प्रयोगालाही लागू आहे.

फॉरवर्डवरून आठवलं, शिळ्या भाताचं. भात गार केला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, हे बरोबर. २०१५ साली मोजलं तेव्हा ताज्या भातात शंभर ग्रॅमला ०.६४ ग्रॅम होता, आणि चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. अडीचपट! पण अडीचपट होऊनही एक ग्रॅमच वाढला ना. फोडणीचा भात खावा तो फोडणीसाठी.

मग करायचं काय? आपल्या आयसीएमआरची शिफारस २००० कॅलरींमागे ३० ग्रॅम फायबरची आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम असतं, बाजरीत आणि गव्हाच्या आट्यात ११च्या आसपास (हो, चपातीला उगाच नावं ठेवू नका), अख्ख्या हरभऱ्यात २५, आणि पांढऱ्या तांदळात ३ सुद्धा नाही. म्हणजे दोन वेळच्या जेवणात भाकरी-चपाती, एक उसळ आणि बरी भाजी असेल तर आकडा गाठता येतो, आणि त्यात एकाऐवजी दहा-पंधरा तऱ्हेचे तंतू येतात. अडचण आपल्या जेवणाची नसून आपण ते जेवत नाही ही आहे. सकाळी बिस्किटं, दुपारी कँटीनचा पांढरा भात, रात्री ऑर्डर करून मागवलेलं काहीतरी मैद्याचं, आणि मग त्यावर उतारा म्हणून पाच ग्रॅमची पुडी. 'आठवड्याला तीस वनस्पती खा' असं एक फॅड सध्या आहे. २०१८च्या एका मोठ्या पाहणीत तीसहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांचे जिवाणू दहाहून कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त विविध दिसले, त्यावरून ते आलं. पाहणीच ती, कार्यकारणभाव काही सिद्ध झालेला नाही. पण निदान दिशा बरी आहे. (गोडा मसाला मोजायचा का, यावर आमच्या घरी एकमत नाही.)

ज्यांना बद्धकोष्ठता आहे, कोलेस्टेरॉल आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांनी इसबगोल खुशाल घ्यावा. स्वस्त, जुनं आणि तपासलेलं औषध आहे. पेलाभर पाण्याबरोबर घ्या, कोरडा तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकू शकतो. बाकीची औषधं आणि तो यांच्यात दोनेक तास अंतर ठेवा. फक्त बॅक्टेरियांना खाऊ घालतोय या समजुतीने त्याच भुशाला मँगोचा स्वाद लावलेल्या डब्याचे कैकपट पैसे देऊ नका.

आणि इन्युलिन घेऊनच बघायचं असेल तर दोन-तीन ग्रॅमपासून सुरुवात करा. जास्त म्हणजे जास्त चांगलं हा हिशोब इथे चालत नाही. २०२२ साली स्टॅनफर्डमध्ये १८ जणांना दर आठवड्याला १०, २०, ३० ग्रॅम असं चढत्या क्रमाने इन्युलिन दिलं तेव्हा ३० ग्रॅमला काहींच्या शरीरात दाह वाढलेला आणि यकृताचं एक एन्झाइम चढलेलं दिसलं. ज्यांना आयबीएसचा त्रास आहे त्यांचं तर याहून कितीतरी कमी डोसलाच पोट फुगतं. त्याच वर्षी नॉटिंगहॅममध्ये अशा रुग्णांना २० ग्रॅम इन्युलिन पाजून चक्क एमआरआयने पोटातला गॅस मोजला. नुसत्या इन्युलिनने गॅस भरपूर झाला. त्यातच इसबगोल मिसळून दिला तेव्हा गॅस जवळजवळ काहीच न दिल्याइतका खाली आला. जेलीत अडकलेलं इन्युलिन बॅक्टेरियांच्या हाती एकदम लागत नसावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. दोन्ही पुड्यांवर 'फायबर' असंच छापलेलं असतं.